खळ्यावरचा विमानतळ

"भात उचला! उचला रे भात! एक दाणा खाली दिसला ना, तर त्या घरच्या माणसाला उद्यापासून माळावर पाय टाकू देणार नाय!"

माझा बाबा माळाच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. त्याचा आवाज साधासुधा नव्हता. तो आमच्या पाड्यावर ओरडला की तिकडे डोळखांबच्या बाजारात बसलेल्या बाया पाट्या उचलून उभ्या राहायच्या आणि मग एकमेकींना विचारायच्या, की आपण का उभ्या राहिलो गो? त्या सकाळी तर त्याच्या तोंडात शिट्टीही होती. एक आरोळी, एक शिट्टी, पुन्हा आरोळी, आणि त्या तालावर सगळा पाडा पळत होता. कुणी पाटीत भात भरत होतं, कुणी हंड्यात, कुणी नेसत्या लुगड्याच्या ओच्यात. आमच्या शेजारची गंगूआजी, जिला उठून बसायला दोन माणसं लागत, ती डोक्यावर भाताचं बोचकं घेऊन माझ्या पुढून अशी निघून गेली की मला वाऱ्याचा झोत लागला. चार दिवस झोडून, उफणून, उन्हाला पसरलेलं पाड्याचं सगळं भात, म्हणजे वर्षाचं खाणं, आम्हाला दहाच्या आत नाहीसं करायचं होतं. कारण दहाला साहेब येणार होता, आणि साहेबाला तिथं भात दिसता कामा नये असं ठरलेलं होतं. साहेबाला दिसायला हवा होता विमानतळ.

"एवढा बोंबलतोयस, त्यापरीस खाली वाकून दोन दाणे वेच की," आई म्हणाली. तिच्या हातात खराटा होता.

"मी ड्युटीवर हाय," बाबा म्हणाला.

हे खरं होतं. माझा बाबा ड्युटीवर होता. त्याच्या आधी त्याचा बाप, म्हणजे माझा आजा, ड्युटीवर होता. मोठ्या लढाईच्या काळात गोऱ्यांची फौज आमच्या माळावर आली, तिनं दगड आणि मुरूम ठोकून, वर डांबर ओतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ पट्टी केली. तिच्यावर विमानं उतरली. किती उतरली हे मात्र आज्याच्या तब्येतीवर अवलंबून असायचं. मी लहान होते तेव्हा तीन उतरली होती. मी दहा वर्षांची झाले तोवर सत्तर झाली, आणि आजा शेवटच्या दुखण्यात होता तेव्हा तर आकाशात जागा उरली नव्हती म्हणून काही विमानं झाडांवर बसली होती. लढाई संपली, फौज निघाली. जाताना त्यांच्यातल्या एका साहेबानं आज्याला शिट्टी दिली, डोक्यावर आपली टोपी ठेवली आणि सांगितलं, की मी परत येईपर्यंत या पट्टीवर माणूस, जनावर, काही येऊ द्यायचं नाही. साहेब परत आला नाही. म्हणजेच आज्याची ड्युटी संपली नाही. मरताना त्यानं बाबाला जवळ बोलावलं, तेव्हा जमिनीचं काही सांगेल म्हणून चुलतेही पुढं सरकले. आज्यानं उशाखालची शिट्टी काढून बाबाच्या हातात दिली आणि डोळे मिटले. चुलत्यांनी बरेच दिवस त्या शिट्टीत आणखी काय आहे याची चौकशी केली.

तेव्हापासून बाबा रोज उजाडताच टोपी घालून पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचा, शिट्टी फुंकायचा, गुरं हाकलायचा, आकाशाकडे एकदा नीट बघून घ्यायचा आणि मग घरी येऊन कोरा चहा प्यायचा. सण असो, सुतक असो, खाडा नाही. मी जन्मले त्या दिवशीसुद्धा तो आधी पट्टी फिरून आला आणि मग मला बघितलं, असं आई मला आणि त्याला दोघांनाही वारंवार ऐकवत असे. मुरबाडला शाळेच्या वसतिगृहात होते तेव्हा मी मुलींना सांगून ठेवलं होतं, की माझे वडील विमानतळावर मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यात खोटं काय होतं? त्यांच्याहून मोठा तिथं कुणी नव्हता.

आणि विमानतळावर सोयी काय कमी होत्या? माझी नात आता मोबाईलवर कुठकुठले विमानतळ दाखवते, त्यात काचा असतात, सरकते जिने असतात. पण बसायला आमच्या जांभळीखालच्यासारखी गार जागा एकाही चित्रात मला दिसलेली नाही. प्यायला फौजेनं खणलेली विहीर होती, तिचं पाणी मे महिन्यातही आटत नसे. आग लागली तर वाळूच्या दोन बादल्या होत्या. त्यांत कोंबड्या अंग घोळायच्या. पत्र्याचा एक संडास होता, पाड्यातला एकमेव, आणि तो फौजेचा म्हणून त्यात जायची कुणाची छाती झाली नाही. तिथं कोंबड्या अंडी घालायच्या. आणि पट्टीच्या टोकाला एका उंच वाशावर, वारा कुठून येतो ते दाखवणारी कापडाची लांब पिशवी होती. फौजेची पिशवी केव्हाच फाटली. त्यानंतर दर दोन वर्षांनी बाबा आईच्या जुन्या लुगड्याची नवी पिशवी शिवायचा. त्यामुळे आमच्या विमानतळावरचा वारा कधी हिरव्या काठाचा असायचा, कधी लाल. जगात इतर ठिकाणी ती पिशवी वैमानिक बघतात. आमच्याकडे सुपं घेतलेल्या बाया बघायच्या.

कारण खरी गोष्ट अशी, की ती पट्टी म्हणजे आमच्या पाड्याचं खळं होतं. दुसऱ्या गावांत दरवर्षी खळं चोपायचं, सारवायचं, तरी भातात माती यायचीच. आमच्याकडे डांबराची कडक, लांबलचक जमीन आणि वर मोकळा वारा. दिवाळी झाली की सगळ्या घरांचे भारे तिथं यायचे आणि झोडणी सुरू व्हायची. धप, धप, धप. एका टोकाला एकानं भारा आपटला की दुसऱ्या टोकाचा माणूस त्याच तालात आपटायचा. दुपारी सगळ्यांच्या फडक्यांतून नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा निघायचा, आणि पेंढ्याच्या वासात ते जेवण असं लागायचं की आता सुनेच्या हातचं गोडधोड खातानाही मी मनातून तिथंच असते. (हे सुनेला सांगू नये.) पण माणूस, जनावर येऊ द्यायचं नाही ही तर बाबाची ड्युटी. त्यावर आज्याच्या वेळीच तोड निघाली होती. झोडणीच्या दिवसांत चौकीदारानं पट्टीकडे पाठ करून बसायचं. जे दिसलं नाही ते झालं नाही. बाबा दिवसभर डोंगराकडे तोंड करून बसायचा. घरचं भात झोडायची वेळ आली की तेही तो पाठ फिरवूनच झोडायचा, डोक्यावरून मागं. त्यात दोनदा मधुकाकाला भारा लागला होता.

हा मधुकाका म्हणजे बाबाचा धाकटा भाऊ. खर्डीहून लोकलनं कल्याणला गोदामात कामाला जायचा, म्हणून पाड्यात त्याला जगाची माहिती असे. त्या वर्षी तालुक्याहून कागद आला तो त्यानंच वाचला. मुंबईच्या कुणा पार्टीला बंगले बांधायला आमचा माळ हवा होता. जागा विनावापर पडलेली आहे का, हे बघायला शनिवारी साहेब येणार होता. वापरात नसेल, तर कुंपण पडणार.

"म्हंजे वापरात दाखवाय पायजे," मधुकाका म्हणाला. "सिंपल हाय."

"वापर हायच की," आई म्हणाली. "भात झोडतो नाय का आमी?"

सगळ्यांनी तिला गप्प केलं. सरकारी विमानतळावर दोन पिढ्या चोरून भात झोडतो, हे साहेबापुढं कबूल करायचं? सगळा पाडा आत जाईल, आणि सगळ्यात आधी चौकीदार. विमानतळ आहे, तर वापर विमानतळाचाच दाखवायला हवा. यावर एकमत झालं. आता प्रश्न एवढाच होता, की विमानतळ आतून असतो कसा. मधुकाकानं एकदा मुंबईत विमानतळाची भिंत पाहिली होती. बाहेरून. "एकदम टेशनसारका असतो," त्यानं सांगितलं. "फक्त रूळ नाय." आम्हा बाकीच्यांना खर्डीचं स्टेशन आणि शहापूरचं एसटी स्टँड ठाऊक होतं. त्या दोहोंत जे जे चांगलं ते घ्यायचं ठरलं. बाबा इतका खुश मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्याला यात लबाडी दिसतच नव्हती. विमानतळ त्याच्या मते होताच, फक्त थोड्या सोयी राहिल्या होत्या, आणि त्या आता होत होत्या.

तर शनिवारी दहाच्या सुमाराला काय तयारी होती ते सांगते. शाळेचा काळा फळा जांभळीला टांगला होता. त्यावर माझ्या अक्षरात वेळापत्रक: 'नाशिक, सकाळी नऊ, मार्गे कसारा. मुंबई, सकाळी अकरा, मुरबाडला थांबेल. दिल्ली, फक्त बाजारच्या दिवशी.' खाली ठळक: 'टपावर बसून प्रवास करू नये.' पत्र्याच्या संडासातून कोंबड्या बाहेर काढून, दाराला चौकोन कापून तिकीटखिडकी केली होती आणि आत मधुकाका बसला होता. जांभळीखाली अकरा प्रवासी, लग्नातले कपडे घालून. त्यांच्याजवळ सामान हवं म्हणून, आणि घरांत जागा उरली नव्हती म्हणून, उरलेलं भात बोचक्यांत बांधून तेच सामान केलं होतं. गंगूआजी दिल्लीला निघाली होती. एकानं बकरीही आणली होती. ती सोडायला आली आहे असं सांगायचं ठरलं. आणि मी बारावीची परीक्षा दोनदा दिलेली, म्हणून चौकशीवर. माझ्या हातात शाळेचा पंधरा ऑगस्टचा कर्णा होता.

साहेब आला तो साडेअकराला. बारीक अंगाचा, मोठ्या चष्म्याचा, बरोबर एक शिपाई. जीपमधून उतरून त्यानं पाऊल टाकलं आणि मी कर्णा तोंडाला लावला. "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं! नाशिकला जाणारं विमान थोड्याच वेळात फलाट क्रमांक एकवर येत आहे! प्रवाशांनी पट्टीपासून दूर उभं राहावं!" अकरा प्रवासी उठून बोचकी डोक्यावर घेऊन धावले, उभे राहिले, आणि विमान आलं नाही म्हणून परत येऊन बसले. हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. मनानंच केलं.

साहेबानं चष्मा पुसला. फळा वाचला. पुन्हा वाचला. "फलाट किती आहेत?"

"एकच," मी म्हणाले.

"मग क्रमांक कशाला सांगता?"

"दुसरा मंजूर हाय!" संडासातून मधुकाका ओरडला. शिपाई दचकून मागं सरला. तो बिचारा नेमका त्याच दारापर्यंत घाईघाईनं पोचला होता.

"आणि हे नाशिकचं विमान नऊचं ना?"

"लेट हाय, साहेब."

"किती लेट?"

मी बाबाकडे पाहिलं. ड्युटीवर असताना बाबा खोटं बोलत नसे. टोपी सारखी करून तो म्हणाला, "माज्या बापाच्या वेळपासनं."

साहेब हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो जांभळीखाली आला आणि गंगूआजीच्या बोचक्यावर टेकला. आईनं त्याला चहा दिला. तो पहिला घोट घेतो तोच बोचक्यातून 'सर्र' आवाज यायला लागला. साहेबाच्या वजनानं गाठ सुटली होती आणि त्याच्या बुटांवर भाताची धार लागली होती. सगळा विमानतळ ती धार बघत बसला. बकरी तेवढी पुढं आली.

"आजी, काय आहे यात?"

"लुगडी," गंगूआजी म्हणाली.

"लुगडी गळतायत."

"जुनी हायत."

साहेबानं खाली वाकून मूठभर भात उचललं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला, दोन दाणे दातांखाली धरले. शेतकऱ्याचा पोरगा असणार. बाकी कुणाला ते तसं जमत नाही. मग त्यानं कप खाली ठेवला आणि बाबाला समोर बोलावलं. "हे बघा," तो सावकाश म्हणाला, "जागा पडीक असेल, तर ती त्या पार्टीला जाईल. जागा विमानतळ असेल, तर मला तसं वर लिहावं लागेल, आणि मग सरकार तारेचं कुंपण घालेल. दोन्हीकडून तुम्ही बाहेर. पण जागा पाड्याचं खळं असेल, पूर्वीपासूनचं, तर कुणाला हात लावू देणार नाही, असं मी लिहू शकतो. त्याला साक्ष लागेल. चौकीदार तुम्ही. तुम्ही सांगाल ते मी लिहीन. इथं विमान येतं का?"

धप धप ऐकू आलं. ते माझं काळीज होतं. सगळा पाडा बाबाच्या तोंडाकडे बघत होता. सगळ्यांचं वर्षाचं खाणं, आणि पुढच्या सगळ्या वर्षांचं, त्या तोंडात अडकलं होतं. मधुकाकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दादा, बोल ना रे! नाय म्हण!" बाबानं आकाशाकडे बघितलं. नेहमीसारखं, नीट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी त्याच्यावर आयुष्यभर हसत आले आहे, या प्रकरणातही हसलेच आहे, पण तेवढा वेळ मी कर्णा खाली ठेवला होता.

"नाय येत," बाबा म्हणाला.

"पुढं कधी येईल?"

"नाय."

"मग इथं येतं काय?"

बाबानं टोपी काढून हातात घेतली. "भात येतं, साहेब. आमी झोडतो. माजा बापपण झोडायचा."

"तुम्ही स्वतः बघितलंय झोडताना?"

इथं बाबा जरा अडखळला, कारण पाठ करून बसलेल्या माणसानं बघितलंय म्हणायचं कसं? तेव्हा आई पुढं आली. "त्यांनी नसंल बघितलं, मी बघितलंय. माज्या लगनापासनं बघतेय. लिवा माजं नाव!"

मला आणखी काही ऐकायचं नव्हतं. मी कर्णा उचलला आणि सिद्धगडावर झोपलेलं माणूस जागं होईल अशा आवाजात ओरडले, "नाशिकची, मुंबईची, दिल्लीची, सगळी विमानं रद्द झालेली हायत! प्रवाशांनी आपापलं भात घेऊन पट्टीवर यावं!" त्यानंतरचा पाव तास मी वर्णन करू शकत नाही, म्हणजे करू शकते, पण कुणाचा विश्वास बसणार नाही. घराघरांतून पाट्या आल्या, हंडे आले, पाळण्यात लपवलेलं भात आलं आणि घाईत एका पाटीतून पाळण्यातलं पोरही आलं. सकाळी ज्या वेगानं भात नाहीसं झालं होतं त्याच्या दुप्पट वेगानं ते पसरलं. बायांनी वर लुगड्याच्या पिशवीकडे एकदा बघितलं आणि सुपं उचलली. साहेब पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भाताच्या कडेकडेनं चालत गेला, कागदावर लिहीत गेला. शिपायाला तिकीटखिडकी मोकळी करून देण्यात आली. दोघं जांभळीखाली नाचणीची भाकरी आणि सुकट जेवले. मग आईनं अंगठा दिला, बाबानं सही केली. त्याला सही येते हे मला त्या दिवशी कळलं. मोठी, वळणदार सही होती, आणि सहीखाली हुद्दा लिहायला जागा होती, ती त्यानं तशीच मोकळी सोडली.

खळं वाचलं. ते आजही आहे, आणि पार्टीनं बंगले दुसरीकडे बांधले. त्या दिवशी पाड्यात आनंद म्हणजे काय विचारता, मधुकाका तर संडासाच्या पत्र्यावर चढून नाचला आणि पत्र्यासकट खाली आला. पण बाबा लवकर घरी आला, टोपी खुंटीला लावली आणि शिट्टी टोपीत ठेवली. मी त्याला हसवायला तीन खोट्या गोष्टी सांगितल्या, त्याला तिन्ही खऱ्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी बाबा पडवीत घोंगडी घेऊन पडून होता. डोळे उघडे. टोपी खुंटीवरच. गुरं पट्टीवर चढल्याचं आम्हाला घरातून ऐकू येत होतं. आईनं कधी नव्हे ते शेजारून दूध मागून आणलं, दुधाचा चहा केला आणि त्याच्या उशाशी नेऊन ठेवला. मी दाराआड उभी होते. ती तिथंच टेकली. मग, इतक्या वर्षांत मी तिचा ऐकला नव्हता असा हळू आवाज काढून तिनं विचारलं, "आज माळावर जायचं नाय का?"

"आज रविवार हाय," बाबा म्हणाला.